डोंगरखेडच्या चौकीतला सरकारी कुत्रा

निवृत्ती लहाने जमादाराचं अक्षर फार देखणं होतं. पुढं जी फजिती झाली ती त्या अक्षरापायी झाली, असं तो स्वतःच सांगायचा, आणि सांगताना स्वतःला जराही सूट देत नसे.

मेहकरहून लोणारकडे जाताना वाटेत डोंगरखेड लागतं. तिथं पोलिसांची चौकी होती. एक कौलारू खोली, पुढं ओसरी, मागं जमादाराला राहायला दोन खोल्या. हाताखाली दोन शिपाई. निवृत्ती मूळचा जानेफळचा, मराठी सातवी पास. त्यानं टाकानं लिहिलेला कागद बुलढाण्याच्या कचेरीतले कारकून एकमेकांना दाखवतात, असं त्याला एका कारकुनानं कधीतरी सांगितलं होतं. ते त्यानं निदान शंभर जणांना सांगितलं असेल.

पण अक्षर असून लिहायचं काय? डोंगरखेड निवांत गाव. वर्षाकाठी दोन-चार चोऱ्या, त्याही कोंबड्यांच्या नाहीतर कडब्याच्या. दर महिन्याला तक्ते येत आणि निवृत्तीला रकान्यामागून रकान्यात एकच शब्द लिहावा लागे. दरोडे, निरंक. खोटी नाणी, निरंक. विषप्रयोग, निरंक. अकरा वर्षं हा शब्द इतक्या झोकदार वळणानं लिहून लिहून त्याला वाटायला लागलं होतं, की हे आपलंच आडनाव आहे.

एकोणीसशे तेहतीस सालच्या दिवाळीनंतर नागपूरचं एक परिपत्रक बुलढाण्यामार्फत चौकीत आलं. विलायतेत, जर्मनीत, बेल्जममध्ये पोलीस खातं गुन्हेगारांचा माग काढायला कुत्रे ठेवतं. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात पोलिसांकडे असे कुत्रे कुठं कुठं आणि किती आहेत, हे वरच्या साहेबांना जाणून घ्यायचं होतं. सोबत तक्ता होता. संख्या, जात, वय, काम, निष्पत्ती.

निवृत्तीनं परिपत्रक दोन्ही शिपायांना मोठ्यानं वाचून दाखवलं. रामराव शिपाई सुपारी कातरत म्हणाला, "लेहून टाका निरंक."

निवृत्तीनं टाक शाईत बुडवला. नजर ओसरीकडे गेली. तिथं काबऱ्या झोपला होता. अंगावर काळे-पांढरे ठिपके, एक कान अर्धा, शेपटीजवळ खरूज. कुणी पाळलेला नव्हता. निवृत्तीची बायको सोजराबाई त्याला उरलीसुरली भाकर टाकायची, म्हणून तो चौकी सोडत नव्हता. तसं पाहिलं तर तो पोलीस चौकीत होता. कुत्राही होता. निवृत्तीला वाटलं, यात खोटं असं काही नाही.

त्यानं लिहिलं : संख्या, एक. जात, देशी परंतु उत्तम. वय, अंदाजे चार. काम, माग काढणे. निष्पत्ती, समाधानकारक. 'समाधानकारक'मधला 'ध' असा काही उतरला की तो स्वतःच बराच वेळ पाहत बसला.

सोजराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "काय लेहून राह्यले एवढं, कुत्र्याकडं पाहू पाहू?"

"सरकारी काम हाये. तुले नाई समजायचं."

"समजलं थोडंसं," ती म्हणाली, आणि तांब्या ठेवून निघून गेली.

सव्वा महिन्यानं बुलढाण्याहून लखोटा आला. अख्ख्या जिल्ह्यातल्या ठाण्यांनी निरंक कळवलं होतं. कुत्रा फक्त डोंगरखेडला निघाला होता. नागपूरला या गोष्टीची दखल घेतली गेली होती, आणि नवे पोलीस कप्तान साहेब मेहकरच्या दौऱ्यावर येत होते. पुढच्या सोमवारी ते जातीनं कुत्र्याची परीक्षा पाहणार होते.

निवृत्तीनं ते पत्र तीनदा वाचलं. मग परिपत्रक काढून उलटं करून पाहिलं. कुत्र्याला कसं शिकवावं याची काही कृती मागच्या बाजूला दिली असेल, असं त्याला वाटलं होतं. मागची बाजू कोरी होती.

हाताशी आठ दिवस होते. पहिल्या दिवशी त्यानं काबऱ्याला नदीवर नेऊन शिकेकाईनं न्हाऊ घातलं. काबऱ्या तिथून सुटला तो थेट उकिरड्यावर जाऊन लोळला. दुसऱ्या दिवशी शिपायाचा जुना पट्टा कापून त्याच्या गळ्यात बांधला आणि पट्ट्याचं पितळ चिंचेनं घासून लख्ख केलं. पट्टा छान दिसत होता. कुत्रा तसाच दिसत होता. तिसऱ्या दिवशी शिक्षणाला आरंभ झाला. निवृत्तीनं आपला फेटा काबऱ्याच्या नाकाशी धरला आणि रामरावला सांगितलं, "म्या जाऊन लपतो. अर्ध्या घंट्यानं याले फेटा हुंगव अन् सोडून दे."

तो गावाबाहेर पडला, नाल्यातून उतरून अर्धा कोस गेला आणि एका तुरीच्या वावरात आडवा झाला. सुरुवातीला त्याच्या मनात भलतीच भीती होती, की कुत्रा लगेच आला आणि तोंड चाटायला लागला तर काय करायचं. मग ऊन चढलं. माशा आल्या. बेल्जममधल्या पोलिसांनाही असंच शेतात पडून राहावं लागत असेल का, याचा विचार करता करता त्याचा डोळा लागला.

कुणीतरी खाकरलं तेव्हा तो जागा झाला. समोर कडूबा उभा होता. कडूबा म्हणजे गावचा जागल्या, रात्रीची राखण करणारा. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, वय पन्नासच्या पुढं. त्याचा बापही याच गावचा जागल्या होता.

"जमादार, तब्येत बरी हाये ना?"

"कुत्रा कुठी हाये?"

"ओसरीवर. तुमच्या फेट्यावर झोपेल हाये. रामराव म्हने, जमादार गेले ते आलेच नाई, पाहून ये."

"मंग म्या येथी हाओ हे तुले कोनं सांगतलं?"

कडूबाला या प्रश्नात काय विचारायचं आहे तेच कळेना. "तुमी इकडूनच आले ना," तो म्हणाला. "डाव्या पायाची टाच तुमी बाहीर टाकता. नाल्यात एक डाव घसरले. मंग दगडावर बसून पायतानातला काटा काढला. तुरीत शिरतानी वाकून शिरले, म्हून मले वाटलं पोटात दुखून राह्यलं."

निवृत्ती अंगावरची माती झटकत उठला. घरी येईपर्यंत त्याला जुन्या चोऱ्या आठवत राहिल्या. गेल्या साली जिनिंगच्या वाटेवर कापसाची गोणी चोरीला गेली, ती कडूबानं माग काढून दाखवली होती. त्याच्या आदल्या साली मारुतीच्या देवळातली घंटा गेली, ती विहिरीत आहे हे कडूबानं सांगितलं होतं. निवृत्तीनं दोन्ही वेळा लिहिलं होतं, 'सदर जमादाराने कसून तपास केला असता'. कडूबाचं नाव लिहायला तक्त्यात जागा नव्हती. खरं सांगायचं तर निवृत्तीनं जागा शोधलीही नव्हती.

पण त्या दिवशी त्याच्या मनात आली ती शरम नव्हती, युक्ती होती. हेही तो पुढं लपवत नसे.

दुसऱ्या दिवशी त्यानं कडूबाला बोलावून सगळं समजावलं. साहेबापुढं कुत्र्याची दोरी कडूबानं धरायची. माग कडूबानं पाहायचा, आणि चालायचं असं की कुत्राच नेतो आहे असं वाटलं पाहिजे.

कडूबानं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे म्या कुत्र्यामांगं चालाचं, का कुत्र्यानं मायामांगं?"

"दिसायले तू त्याच्यामांगं."

"अन् खरं?"

"खरं काय ते तुले ठाऊकच हाये."

कडूबानं भाकरीचा तुकडा कमरेला खोचायची सवय लावली. त्या वासानं काबऱ्या त्याच्या पायात पायात चालायला लागला. लांबून पाहिलं तर कोण कुणाला नेतो आहे ते खरंच कळत नव्हतं. चार दिवस निवृत्ती लांबूनच पाहत राहिला.

सोमवारी सकाळी साहेब आले. मेहकरपर्यंत मोटार, पुढं घोडा. तरुण होते, गोरे होते, आणि मराठी परीक्षा नुकतीच पास झाले होते, त्यामुळं त्यांचं मराठी गावातल्या कुणालाही धड कळत नव्हतं. ओसरीवर काबऱ्याला पाहून त्यांनी विचारलं, "हाच तो श्वान?"

"होय, साहेब," निवृत्तीनं सलाम ठोकत सांगितलं.

साहेबांनी गुडघ्यावर बसून काबऱ्याचे दात पाहिले, अर्धा कान पाहिला. "हा कान चोराने तोडला?"

निवृत्तीच्या तोंडून "होय" निघून गेलं. रामराव शिपायाला खोकल्याची उबळ आली.

साहेबांनी आपल्या अर्दलीला तासभर आधीच कुठंतरी लपायला धाडलं होतं. त्याचा रुमाल काबऱ्याला हुंगवला. काबऱ्या शिंकला. कडूबानं दोरी धरली, जमिनीकडे एकदा पाहिलं आणि चालायला लागला. काबऱ्या भाकरीच्या आशेनं पुढं पुढं झाला. देवळामागून, कुंभाराच्या भट्टीवरून, ज्वारीच्या बांधानं अशी वरात निघाली. घोड्यावर साहेब, मागं निवृत्ती, त्यामागं रिकामं होतं तेवढं गाव. पाव घंट्यात कडूबा एका कडब्याच्या गंजीशी थांबला आणि काबऱ्या खाली बसला. गंजीतून अर्दली बाहेर आला, डोक्यात कडबा घेऊन.

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी काबऱ्याला थोपटलं आणि खिशातलं बिस्कीट दिलं. निवृत्तीशी हात मिळवला. कडूबाकडे पाहून म्हणाले, "तू रस्सी छान धरली."

"जी," कडूबा म्हणाला.

चौकीत येऊन चहा घेत घेत साहेब नागपूरच्या गोष्टी करायला लागले. हा कुत्रा तिथं सगळ्यांत मोठ्या साहेबांना दाखवायचा, निवृत्तीनं सोबत यायचं. निवृत्तीनं मनातल्या मनात नागपूरचं स्टेशनही पाहून घेतलं. तेवढ्यात ओसरीपुढं विमलबाई येऊन उभी राहिली.

विमलबाई गावाशेजारच्या मळ्यात राहायची. नवरा वारल्यापासून वांगी-मिरचीचा तो मळा तिनं एकटीनं सांभाळला होता, एका बैलजोडीच्या आधारावर. तिचा पदर घामानं भिजला होता.

"जमादार, माये बैल नाईत. पहाटी गोठा पाह्यला तं खुट्याले नुसते दावे. वाटलं सुटले असतीन, म्हून सारं रान धुंडलं. कापेल हायेत दावे." तिनं हातातला कापलेला दोर दाखवला. "मोगलाईत गेले का संपलं मंग."

हे सगळ्यांना ठाऊक होतं. निजामाची हद्द तिथून सहा-सात कोस. बैल एकदा पलीकडे गेले की वऱ्हाडच्या पोलिसांचं तिकडं काही चालत नसे. चोर दिवसा रानात दडून राहत आणि अंधार पडला की हद्द ओलांडत.

साहेब उठून उभे राहिले. "उत्तम. आता खरी परीक्षा. रस्सी मी धरतो." आणि कडूबाकडे वळून म्हणाले, "तू घोडा धर."

निवृत्तीनं चहा अर्धाच ठेवला आणि कडूबाकडे पाहिलं.

मळ्यातल्या गोठ्यात साहेबांनी काबऱ्याला कापलेला दोर हुंगवला. काबऱ्यानं दोर हुंगला, मागं घोड्याजवळ उभ्या असलेल्या कडूबाकडे पाहिलं, मग हवेत नाक वर केलं. आणि निघाला. असा निघाला की साहेबांना पळावं लागलं. बांधावरून, आमराईतून, गावात, मारुतीच्या पारावरून. लोक ओट्यांवर उभे राहून पाहत होते. निवृत्ती मागं पळत होता. पहिल्यांदा त्याला खरोखरच वाटलं, की या जनावरात काहीतरी होतं आणि आपण उगीच त्याला कमी लेखलं. मग काबऱ्या चौकीकडे वळला. चौकीला वळसा घालून मागच्या दारी गेला, आणि निवृत्तीच्या चुलीपुढं जाऊन शेपटी हलवत बसला.

दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. सोजराबाई भाकरी थापत होती. तिनं सवयीप्रमाणं चतकोर तोडून काबऱ्यापुढं टाकली. मग मान वर केली तर दारात कप्तान साहेब.

साहेब धापा टाकत होते. "जमादार, हे कोणाचे घर आहे?"

"माझं, साहेब."

"बैल येथे आहेत?"

"नाहीत, साहेब."

"श्वानाची निष्पत्ती समाधानकारक आहे, असे तुम्ही लिहिले आहे."

साहेब माणूस सरळ होता. कुत्रा सरकारी आणि घर जमादाराचं, म्हणून काही त्यांनी सोडलं नाही. रामरावला आत जाऊन पाहायला सांगितलं. रामराव दोन्ही खोल्या फिरला, कणगीमागं वाकून पाहिलं, खाटेखाली पाहिलं, आणि बाहेर येऊन ताठ उभं राहून म्हणाला, "घरात बैल आढळून आले नाहीत, साहेब." अंगणात अर्धं गाव उभं होतं. अकरा वर्षं जी माणसं त्याला जमादार साहेब म्हणत होती, ती आता तोंडाला पदर आणि धोतराचा सोगा लावून उभी होती.

सोजराबाई पीठ लागलेले हात पुसत म्हणाली, "साहेब, दोन बैल चुलीमांगं कुठी मावतीन?"

"पाणी प्यायलेबी जागा नाई तिथं," कुणीतरी मागून म्हणालं.

विमलबाई तेवढी हसत नव्हती. ती सूर्याकडे पाहत होती. "दिस कलून राह्यला, जमादार," ती म्हणाली. "तुमचं काय ते मंग करा."

निवृत्तीनं गर्दीच्या मागं पाहिलं. कडूबा घोड्याचा लगाम धरून उभा होता, शांत. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, रागही नव्हता. गोठ्यात सगळे कुत्र्याकडे पाहत असताना कडूबा जमिनीकडे पाहत होता, हे निवृत्तीला आठवलं. याला ठाऊक आहे, त्याला वाटलं. याला मघापासून ठाऊक आहे.

निवृत्ती पुढं झाला आणि सलाम न ठोकताच बोलला. "साहेब, या कुत्र्याला काही येत नाही. याला भाकर कुठं मिळते तेवढं येतं. कान चोरानं तोडला नाही, दुसऱ्या कुत्र्यानं तोडला. सकाळी तुमचा अर्दली कडूबानं शोधला. या चौकीनं आजवर जे जे शोधलं ते त्यानंच शोधलं, आणि मी माझ्या नावावर लिहिलं. आता त्याला घोड्यापासून सोडा, नाहीतर बाईचे बैल जातात."

साहेबांना सगळं कळलं की नाही कोण जाणे, पण कळायचं तेवढं कळलं. त्यांनी कडूबाला पुढं बोलावलं. "तू काय पाहिले?"

"गोठ्यातच पाह्यलं, साहेब. दोघं जन हायेत. बैलाच्या खुराले तरट बांधलं, माग दिसू नाई म्हून. पर तांबड्या बैलाचा मांगचा खूर फाटेल हाये, तो तरटातूनबी उमटते. दक्षिनेले गेले, नाल्याच्या अंगानं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी मले घोडा धरायले सांगतलं होतं."

साहेबांनी लगाम त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः धरला.

मग जे झालं ते पाहायला गाव नव्हतं. ऊन लागलं तसं गाव घरी गेलं. कडूबा पुढं, मागं साहेब, निवृत्ती, दोन शिपाई आणि विमलबाई. तिला राहा म्हटलं तरी ती राहिली नाही. कडूबा फार हळू चालायचा. मधेच थांबून आलेल्या वाटेनं परत जायचा, वाकायचा, शेणाचा पो काठीनं फोडून पाहायचा आणि म्हणायचा, "सकायचं हाये." एके ठिकाणी खडकावर माग संपला. साहेब कासावीस झाले. कडूबा खडकाच्या कडेनं गोल फिरला, एक वाळकी काडी उचलली, तिचा मोडलेला भाग पाहिला आणि काठीनं पलीकडची टेकडी दाखवली. निवृत्तीनंही ती काडी हातात घेऊन पाहिली. त्याला ती काडीच दिसली.

लोणारच्या अलीकडे एका पळसाच्या दाट रानात, नाल्याच्या पोटात, दोन्ही बैल बांधलेले सापडले. तोंडाला मुसक्या, खुराला तरट. माणसांची चाहूल लागताच दोघं जण पलीकडच्या काठानं पळाले. शिपायांनी त्यातल्या एकाला गाठलं. विमलबाई बैलांपाशी गेली. तिनं खाली बसून एकेका खुराचं तरट सोडलं, फाटलेला खूर हातात धरून पाहिला आणि तिथंच बसून राहिली. कुणी तिला ऊठ म्हटलं नाही. दिवस मावळायला अजून थोडा अवकाश होता.

परतीच्या वाटेवर निवृत्ती कडूबाच्या बरोबरीनं चालायला लागला. शेवटी म्हणाला, "कडूबा, म्या तुया नावावर डल्ला मारला इतके साल. तू कदी बोलला नाई."

"तुमचे कागद म्या कुठी वाचतो?" कडूबा म्हणाला. थोडं चालून पुन्हा म्हणाला, "पर माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी निवृत्तीला समोर बसवून सगळी हकीकत लिहायला लावली. एकही शब्द गाळायचा नाही. निवृत्तीनं ती लिहिली. आयुष्यात इतकं वाईट अक्षर त्याचं कधी आलं नव्हतं. ओसरीवर कडूबाला बसवून त्याला ती वाचून दाखवली, कारण खाली त्याचा अंगठा हवा होता. स्वतःचं नाव आलं तिथं कडूबानं हात वर केला.

"हे परत वाचा."

निवृत्तीनं परत वाचलं.

"हा कागद नागपूरले जाईन?"

"जाईन."

"मंग माया बापाचंबी नाव टाका. माग पाह्यनं मले त्यानं शिकोलं. निस्तं 'बापानं' म्हनून नोका लेहू. नाव लेहा. सखाराम."

निवृत्तीनं समासात जागा करून लिहिलं. शाई फाकली, पण नाव वाचता येत होतं. साहेबांनी ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

शिक्षा व्हायची ती झाली. निवृत्तीच्या बाहीवरची जमादारकीची फीत वर्षभरासाठी उतरली. तो साधा शिपाई झाला आणि त्याची जागा रामरावला मिळाली. रामरावनं पहिले चार दिवस त्याला हुकूम सोडायला संकोच केला, पाचव्या दिवसापासून केला नाही. सोजराबाईनं फीत उसवून दिली. दोरे ओढता ओढता ती म्हणाली, "बाही बरी दिसते अशी. शिवाले सोपी." एवढंच ती त्या विषयावर बोलली, आणि निवृत्तीला ते पुरेसं होतं.

कुत्र्यांचा विचार साहेबांनी सोडून दिला. त्याऐवजी फाल्गुनात त्यांनी एक नवा हुकूम काढला. मेहकर तालुक्यातल्या दहा शिपायांनी महिनाभर कडूबाकडे माग काढणं शिकावं. यादीत पहिलं नाव निवृत्ती लहाने, वय चव्वेचाळीस. बाकीचे नऊ जण त्याच्या निम्म्या वयाचे होते.

वर्ग नदीकाठच्या वाळूवर भरायचा. कडूबा दगडावर बसे, शिपाई अनवाणी उभे राहत. बाकीची पोरं आठवडाभरात बकरीचा आणि मेंढीचा माग वेगळा ओळखायला लागली. निवृत्ती रोज नवीन चूक करी. पंधराव्या दिवशी परीक्षा झाली. कडूबानं एकेकाला वाळूतला एकेक माग दाखवून विचारलं.

निवृत्तीच्या वाट्याला आलेल्या पावलांपुढं तो बराच वेळ उकिडवा बसला. टाच पाहिली, बोटं पाहिली, वितीनं मोजून दोन पावलांमधलं अंतर घेतलं. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पुरुष हाये. अंगानं भारी. डोक्यावर चोरीचं ओझं हाये. घाबरून पयत, पश्चिमेले गेला."

कडूबा दगडावरून उतरला, माग पाहिला आणि काठीनं कान खाजवला.

"ही मायी बायको हाये, रुखमा," तो म्हणाला. "दोन घागरी भरून पूर्वेले गेली. हयूहयू."

निवृत्ती मान खाली घालून उभा राहिला. आता आपलं नाव यादीतून कटणार, असं त्याला वाटलं.

"पर ओझं हाये हे बराबर ओळखलं तुमी," कडूबा म्हणाला. "बसा खाली. पहिले दिशा पाहू. बाई का मानूस, ते उद्या."